चिल्ड्रन्स डे, लेडीज टेलर आणि तो वरचा कॉमा

या वेळचं पत्र वाळवा तालुक्यातून आलंय. थोडक्यात असं:

"ताई, मी भावाच्या फ्लेक्स-डीटीपीच्या दुकानात डिझाइनिंग बघते. बी.ए. झालंय, सगळं शिक्षण मराठी मीडियममधून. गेल्या नोव्हेंबरात एका शाळेचा १० बाय ८चा बालदिनाचा फ्लेक्स केला, त्यात चिल्ड्रन्समधला वरचा कॉमा एसच्या नंतर पडला. तिथल्या एका मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, मराठी मीडियम का? फ्लेक्स आम्ही आमच्या पैशाने परत छापून दिला. तेव्हापासून एस दिसला की माझा हात थांबतो. कधी सगळीकडे कॉमा टाकते, कधी कुठेच नाही. लेडीज टेलर, गर्ल्स हॉस्टेल, विकासचा बर्थडे, २० इयर्स एक्सपिरियन्स, रोज काहीतरी असतंच. मला एकच साधा नियम सांगा आणि मला अगंतुगं केलंत तरी चालेल."

अगं, ते मराठी मीडियमचं बाजूला ठेवायला नको, आपण तिथूनच सुरू करू, कारण या एका बाबतीत तुझं मराठी तुला इतकं उपयोगी आहे की त्या मॅडमना कल्पनाही नसेल. आणि स्टाफसमोर असं विचारणं मला अजिबात पटलेलं नाही, हे आधीच सांगते. चूक दाखवायची तर चूक दाखवावी, माणसाची शाळा काढू नये.

खाली इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहितेय, फक्त कॉमा जिथे असतो तिथे तो दाखवतेय म्हणजे तुला स्क्रीनवर कुठे टाकायचा ते कळेल. त्या चिन्हाला अपॉस्ट्रॉफी म्हणतात पण तू वरचा कॉमा म्हणतेस, दुकानात सगळे तेच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मुळात हा गोंधळ होतो कशामुळे, तर कानाला काहीच कळत नाही. गर्ल्स, गर्ल'स, गर्ल्स', हे तिन्ही मोठ्याने म्हणून बघ, उच्चार तंतोतंत एकच. पहिल्याचा अर्थ नुसत्या मुली, दुसऱ्याचा एका मुलीचं, तिसऱ्याचा अनेक मुलींचं. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही हा फरक ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोकही हयातभर चुकतात. इतके चुकतात की जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये हा कॉमा वाचवायला एक संस्थाच काढली होती आणि २०१९ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी हात टेकून ती बंद केली (नंतर दुसऱ्या कुणीतरी ती परत चालू केली). तेव्हा तुझा हात थांबतो यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता मराठीत बघ. मुलीचं हॉस्टेल आणि मुलींचं हॉस्टेल. एक टिंब. ते टिंब आपल्याला ऐकूही येतं आणि लिहिताना कधी चुकतही नाही, कारण लहानपणापासून तोंडात बसलंय. मुलाचा, मुलांचा. शेतकऱ्याचा, शेतकऱ्यांचा. म्हणजे इंग्रजी कॉमा जी गोष्ट विचारतो, मालक एक की अनेक, ती आपली षष्ठी आधीच विचारून मोकळी झालेली असते. म्हणून काय करायचं, इंग्रजी मॅटर हातात आलं की ते मनात मराठीत म्हणायचं आणि मालक शोधायचा. टिंब आलं की मालक अनेक, नाही आलं की एक.

मग मालकाचा शब्द पूर्ण लिहून टाकायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण, एक असेल तर एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, आणि तिथे थांबायचं. मग कॉमा द्यायचा. मग बघायचं, कॉमाच्या आधी अनेकवचनाचा एस आलाच आहे का? आला असेल तर काम संपलं, नसेल तर एक एस द्यायचा. एवढाच तुझा एक साधा नियम, बाकी सगळं त्याच्या कडेकडेचं आहे.

तुझा बालदिन घे. मुलांचा दिवस, टिंब आहे, मालक अनेक. अनेक मुलं म्हणजे चिल्ड्रन. लिही चिल्ड्रन, थांब, कॉमा दे. आधी एस आहे का? नाही, एनवर संपतो शब्द. मग एस दे. चिल्ड्रन'स डे. तुझ्याकडून तो एसनंतर का पडला तेही मला कळतंय, अनेकवचन असलं की कॉमा शेवटी, असं कुणीतरी शिकवलेलं डोक्यात असणार. तो अर्धा नियम आहे आणि अर्धा नियम जास्त फसवतो. चिल्ड्रन, विमेन, मेन, पीपल हे शब्द अनेकवचनीच आहेत पण त्यांना अनेकवचनाचा एस लागत नाही, म्हणून यांच्यात कॉमा कायम एसच्या आधी. विमेन'स डे, मेन'स वेअर, पीपल'स बँक. यात दुसरा पर्यायच नाही, आणि कॉमा गाळूनही चालत नाही.

छापायच्या आधी एक तपासणी कर, ती मी फार वापरते. स्क्रीनवर कॉमा आणि त्याच्या उजवीकडचं सगळं अंगठ्याने झाक. डावीकडे जे उरेल तो इंग्रजीतला खरा शब्द असला पाहिजे आणि तोच तुझा मालक असला पाहिजे. एसनंतर कॉमा दिलेलं चिल्ड्रन्स' झाकून बघ, डावीकडे चिल्ड्रन्स उरतं, असा शब्दच नाही, म्हणजे चूक. आपल्याकडे लेडीज टेलरच्या बोर्डवर सर्रास दिसतं, एल-ए-डी-आय-ई, मग कॉमा, मग एस. झाक. उरलं एल-ए-डी-आय-ई. लेडीचं स्पेलिंग वायवर संपतं, आय-ईवर संपणारी लेडी कुठेच नाही. म्हणजे हा बोर्ड कुठल्याही हिशेबाने बरोबर होऊ शकत नाही. कॉमा द्यायचाच तर लेडीज', एसच्या पुढे. बेबी, पार्टी, सिटी, फॅमिली, हे वायवर संपणारे शब्द असेच बघायचे.

आता जिथे आपलं टिंब फसवतं ती जागा, आणि तुझ्या धंद्यात ही रोजची आहे. दादांचा वाढदिवस, साहेबांचा सत्कार, सरांचा निरोप समारंभ, आजोबांची पंचाहत्तरी. टिंब आहे पण माणूस एकच आहे, टिंब मानाचं आहे. इंग्रजीत मानाचं अनेकवचन नाही, तिथे सर एक म्हणजे एकच. म्हणून सर'स फेअरवेल, दादा'स बर्थडे, एस कॉमाच्या नंतर. मराठीत विचार करून लिहिणारी माणसं नेमकी इथे घसरतात. तेव्हा टिंब आलं की मनात एक प्रश्न विचारायचा, हे गर्दीचं टिंब आहे की आदराचं? उत्तर तुला लगेच येईल, त्याला कुठलं व्याकरणाचं पुस्तक लागत नाही.

दुसरी एक घसरण अशी की आपण चा-ची-चे-च्या पुढच्या वस्तूकडे बघून बदलतो. मुलीचा डबा, मुलीची वही, मुलीची पुस्तकं. इंग्रजीला पुढे काय आहे, किती आहेत, याच्याशी काही देणंघेणं नाही, ती फक्त मालकाकडे बघते. डबा एक असो की पुस्तकं पन्नास, मुलगी एक असेल तर गर्ल'सच. पुस्तकं बरीच आहेत म्हणून लोक कॉमा पुढे ढकलतात, ते चूक.

आणि जिथे मालकीच नाही तिथे कॉमाच नाही. हे मी जरा जोरात सांगतेय कारण सगळ्यात जास्त खराब झालेले बोर्ड याच चुकीने झालेत. साडी'ज, मोमो'ज, पिझ्झा'ज, फोटो'ज. विकणाऱ्याला फक्त 'बऱ्याच साड्या' म्हणायचंय, साडीच्या मालकीचं काही म्हणायचं नाहीये. शब्द आय, ओ किंवा एवर संपला की त्याला नुसता एस चिकटलेला डोळ्यांना विचित्र दिसतो, म्हणून हात आपोआप कॉमाकडे जातो. इंग्लंडमध्ये या चुकीला भाजीवाल्याचा कॉमाच म्हणतात, म्हणजे तिकडच्या मंडईतही हीच तऱ्हा. सारीज, समोसाज, थालीज, सगळ्यांना नुसता एस. तसंच वर्षांचं, १९९० चं दशक लिहिताना आकड्याला नुसता एस लाव. एमएलए, पीएचडी यांच्या अनेकवचनालाही तेच.

तू विचारलंयस की गर्ल्स हॉस्टेलला एक गिऱ्हाईक कॉमा मागतं, दुसरं नको म्हणतं, खरं कोण? दोघंही. तिथे दोन अर्थ निघतात, मुलींचं हॉस्टेल म्हणून गर्ल्स', किंवा कुठल्या प्रकारचं हॉस्टेल तर गर्ल्स, म्हणजे पहिला शब्द नुसता विशेषणासारखा. बोर्डावर दुसरी पद्धत चालते आणि आताशा जास्त चालते. गर्ल्स हॉस्टेल, बॉइज स्कूल, लेडीज टेलर, सीनियर सिटिझन्स क्लब, सगळे कॉमाशिवाय ठीक आहेत. अमेरिकेत ११ नोव्हेंबरला माजी सैनिकांचा दिवस असतो, व्हेटरन्स डे, त्यांचं सरकारही तो कॉमाशिवायच लिहितं. माझं मत विचारशील तर बोर्डावर कॉमा गाळ, पत्रात किंवा सर्टिफिकेटवर दे. पण गर्ल आणि एसच्या मध्ये कॉमा टाकलास तर ते एकाच मुलीचं हॉस्टेल झालं, ते मात्र कधीच नाही. आणि मघाशी सांगितलेले चिल्ड्रन, विमेन, मेन या सवलतीत बसत नाहीत.

डेजचं एकदा सांगून टाकते म्हणजे वर्षभराची सोय होईल. टीचर्स' डे, शिक्षकांचा दिवस, अनेक, माझ्या मते कॉमा शेवटी. विमेन'स आणि चिल्ड्रन'स सांगितले. मदर'स डेला मात्र कॉमा एसच्या आधी, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्व्हिसने मुद्दाम एकवचन धरलं होतं, जगातल्या समस्त मातांचा हा दिवस नाही, प्रत्येक घराने आपापल्या एका आईला मान द्यावा म्हणून. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो जाहीर केला तोही तसाच. फादर'स डे त्याच चालीवर. व्हॅलेंटाइन'स डेमध्ये तर संत व्हॅलेंटाइन एकच.

कंपन्यांची, संस्थांची, गावांची नावं असली की नियम बाजूला ठेवायचा आणि ते स्वतः कसं लिहितात ते बघायचं. मॅकडोनाल्ड'समध्ये कॉमा आहे, डोमिनो'समध्ये आहे, स्टारबक्समध्ये नाही. मुंबईचं सेंट झेविअर'स कॉलेज कॉमा लावतं. वॉटरस्टोन्स ही इंग्लंडमधली पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी, तिने २०१२ मध्ये आपल्या नावातला कॉमा काढून टाकला. लंडनच्या मेट्रोत पिकॅडिली लाइनवर लागोपाठची दोन स्टेशनं आहेत, अर्ल'स कोर्टला कॉमा, पुढच्या बॅरन्स कोर्टला नाही! अमेरिकेत सरकारी नकाशावरची नावं ठरवणारं एक मंडळ आहे, १८९० पासूनचं, त्यांनी जागांच्या नावातून मालकीचा कॉमा जवळजवळ हद्दपारच केलाय, मार्था'स व्हिनयार्डसारख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागांना सूट आहे. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की कुणी एखाद्या ब्रँडचं नाव दाखवून तुझ्याशी वाद घालायला लागलं तर घाबरू नकोस, नावावरून नियम निघत नाही. तुझ्याकडे डीलरचा बोर्ड आला तर मात्र कंपनीचा लोगो उघडून जसाच्या तसा उतरव.

आता इट्स. इथे अंगठा कामाचा नाही कारण झाकलं तरी इट उरतंच, आणि मोठमोठ्या पगाराची माणसंही इथे चुकतात. त्याचं कारण समजून घेतलंस तर परत कधी विसरणार नाहीस. हा कॉमा सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तो मालकीसाठी आलाच नव्हता, गाळलेल्या अक्षराची जागा दाखवायला आला. डू नॉटचं डोन्ट होताना ओ जातो, तिथे कॉमा बसतो, तसा. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीचा प्रत्यय ई-एस असा लागायचा, पुढे तो ई बोलण्यातून गेला, मग लिहिण्यातून गेला आणि त्याच्या रिकाम्या जागी हा कॉमा बसला. लोक मग मालकी म्हणजे कॉमा असंच समजायला लागले आणि तीच पद्धत पडली. पण सर्वनामं या पद्धतीत आली नाहीत. माय, युअर, हिज, हर, यांना आपला वेगळा षष्ठीचा शब्द आहे, जसं आपल्याकडे मीचं मीचा होत नाही, माझा होतो. इट्सही त्यातलाच, म्हणजे त्याचं, कॉमा नाही. हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, यांतही नाही. कॉमासकट इट'स म्हणजे इट इज किंवा इट हॅज, त्यात गाळलेलं अक्षर आहे. तेव्हा तपासणी एकच, तिथे इट इज म्हणून वाचून बघ. इट'स अ बॉय, इट इज अ बॉय, बरोबर, बारशाच्या बॅनरवर कॉमा हवाच. शाळा आणि तिचं मैदान, द स्कूल अँड इट्स ग्राउंड, तिथे इट इज ग्राउंड वाचलं तर वाक्यच मोडतं, म्हणजे कॉमा नको.

हा फरकही काही देवाने घालून दिलेला नाही गं. अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालची, तिच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या भागात राज्याच्या तपासणीच्या कायद्यांबद्दल लिहिताना मालकीच्या अर्थानेच कॉमावालं इट'स लिहिलंय, आजच्या शाळेत मुलाने तसं लिहिलं तर लाल रेघ बसेल. तेव्हा तसं चालायचं, पुढे तो कॉमा गेला. आज मात्र नियम पक्का आहे आणि तुझ्या गिऱ्हाइकाला आजचंच छापून हवंय.

याच जातीतली एक चूक आमंत्रणपत्रिकांवर दिसते. यू आर इन्व्हायटेड म्हणायचं असतं आणि छापलेलं असतं वाय-ओ-यू-आर, म्हणजे 'तुमचा आमंत्रित'. तिथे वाय-ओ-यू, कॉमा, आर-ई हवं. हूज आणि हू'ज यांचंही तेच, हू इज वाचून बघायचं.

क्लासेस, दवाखाने, ज्वेलर्स यांच्या पाट्यांवरचं २० इयर्स एक्सपिरियन्स. वीस वर्षांचा अनुभव, टिंब आहे, वर्षं अनेक, म्हणून इयर्स', कॉमा शेवटी. हे बहुतेकांना माहीतच नाही की काळाच्या मापालाही इंग्रजी षष्ठी लावते. एका महिन्याची नोटीस, वन मंथ'स नोटीस. दहा दिवसांची रजा, टेन डेज' लीव्ह, हे तर रजेच्या अर्जात प्रत्येकाला लागतं आणि जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. वॉरंटीचं लिहायचं असेल तर एक सोपी पळवाट आहे, ५, मग आडवी रेघ, मग इयर, ना एस ना कॉमा, ५-इयर वॉरंटी. जागाही कमी लागते, फ्लेक्सवर मला तीच आवडते.

विकासचा बर्थडे हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण आपल्याकडे एसवर संपणारी नावं मुबलक आहेत, विकास, सुहास, तेजस, कैलास, उल्हास, रामदास, श्रीनिवास. इंग्रजीत इथे दोन पंथ आहेत. पुस्तकं छापणारे बहुतेक जण विकास'स लिहायला सांगतात, बरेच वृत्तपत्रवाले नुसतं विकास' लिहितात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातसुद्धा यावर एकमत नाही, २००६ मध्ये कॅन्सस राज्याच्या एका खटल्यात एका न्यायमूर्तींनी कॅन्सस' लिहिलं आणि विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी कॅन्सस'स. मी तुला विकास'स सुचवेन, कारण आपण बोलताना 'विकासेस बर्थडे' असंच म्हणतो आणि जे ऐकू येतं ते लिहिलं की वाचणारा अडखळत नाही. वर तुझा नियमही तसाच राहतो, विकासमधला एस काही अनेकवचनाचा नाही. फक्त एकाच फ्लेक्सवर दोन पद्धती मिसळू नकोस. गिऱ्हाइकाला दोन एस बघवत नसतील तर हॅपी बर्थडे विकास कर, प्रश्नच मिटला.

लग्नाच्या बॅनरवर जोडीची नावं येतात. स्नेहा आणि राहुलचं लग्न, आपणही 'चं' एकदाच लावतो, शेवटी. इंग्रजीतही तसंच, स्नेहा अँड राहुल'स वेडिंग. दोघांच्या नावाला वेगवेगळा कॉमा-एस लावलास तर दोन वेगळी लग्नं झाल्याचा अर्थ निघेल. वस्तू खरंच वेगळ्या असतील, त्याचा फोन आणि तिचा फोन, तर दोघांनाही लावायचा. आणि घराच्या पाटीवर 'द पाटील्स' हवं असेल तर तिथे कॉमा नाही, ते नुसतं 'पाटील मंडळी' आहे. पाटलांचं घर म्हणायचं असेल तरच द पाटील्स', कॉमा शेवटी. लेझर कटिंगच्या पाट्या बऱ्याच येतात म्हणालीस म्हणून हे मुद्दाम सांगितलं, ॲक्रिलिकवर एकदा कापलं की दुरुस्ती नाही.

टायपिंगचं थोडंसं. मराठीचे जुने फॉन्ट, युनिकोड नसलेले, सिलेक्ट असताना कीबोर्डवरची वरच्या कॉमाची की दाबली तर त्याच्या जागी भलतंच अक्षर उमटतं, त्यामुळे इंग्रजी शब्दाला आधी इंग्रजी फॉन्ट लाव मग कॉमा टाइप कर. इंचा-फुटाची सरळ खूण आणि वाकडा कॉमा यात मोठ्या अक्षरात फरक दिसतो, १० फुटांवर तर फारच दिसतो, वाकडाच घे, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा, शेपूट डावीकडे वळणारा. सगळं कॅपिटलमध्ये असेल तर कॉमानंतरचा एसही कॅपिटल. आणि कॉमाच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोडू नकोस, ती सुटली की शब्द दोन तुकड्यांत दिसतो.

राहिला पैशांचा भाग. तुझ्या पत्रात हे तू एका ओळीत उरकलंयस पण मला ते खटकतंय. शाळेने मॅटर दिलं, त्यांच्या कुणीच प्रूफ वाचलं नाही, फ्लेक्स लागल्यावर चूक निघाली आणि भुर्दंड सगळा तुम्हाला. कॉमा तू टाकलास हे खरं, तरी छापायच्या आधी वाचायचं काम त्यांचंही होतं. भावाशी बोल आणि आजपासून एक पद्धत पाडा. प्रत्येक इंग्रजी मॅटरचं प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवायचं, खाली लिहायचं की नावं, तारखा, स्पेलिंग, वरचे कॉमे वाचून ओके पाठवा, ओके आल्यावर छापणार, नंतरचा बदल पैसे देऊन. सुरुवातीला दोन-चार जण कुरकुर करतील पण सवय होते, लग्नपत्रिकेवाले तर कधीपासून प्रूफवर सही घेतातच. तुला चूक दिसली तर प्रूफसोबतच तुझी दुरुस्ती सुचव, एकदाच, कारणासकट, 'मुलांचा म्हणून कॉमा इथे' एवढंच. तरी गिऱ्हाईक अडूनच बसलं तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे छापून दे, तो मेसेज डिलीट करू नकोस आणि बिल पूर्ण घे.